डुक्कर रेंज पाहून येत नाही

शेतीची ॲपं, उपग्रह आणि धोरणं ज्यांच्या हाती आहेत त्या मुंबई-दिल्लीच्या साहेबमंडळींना,

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कास्तकाराचा रामराम.

हे पत्र मचाणावर बसून लिहितो आहे. २०२५चा डिसेंबर आहे, रात्रीचे पावणेदोन झालेत. खाली साडेतीन एकर तूर, शेंगा भरत आलेली. धुऱ्यापलीकडे नाला, आणि नाल्यातून डुकरं. पायाशी तेलाचं रिकामं पिंप आहे. दर वीस-पंचवीस मिनिटांनी त्यावर काठी हाणली की पलीकडच्या जागलीवरून तसंच उत्तर येतं, मग त्याच्याही पलीकडून. आमच्या शिवारात मोबाईलला रेंज फक्त मचाणावर येते, तीही उगवतीकडे तोंड करून बसलं तर. त्यामुळे देशात काय चाललंय ते मला रात्रीच कळतं. दिवसा मी वावरात असतो, म्हणजे तुमच्या भाषेत ऑफलाइन.

नोव्हेंबरातली ती बातमीही अशीच रात्री वाचली. खरीप २०२६ पासून रानटी जनावरांनी केलेलं नुकसान पीकविम्यात स्थानिक आपत्ती म्हणून धरणार. खोटं कशाला बोलू, त्या रात्री पिंप जरा जोरातच वाजवलं. या मागणीची किती निवेदनं आमच्याकडून गेली त्याचा हिशेब नाही. दर निवडणुकीला ती भाषणात येते आणि मतमोजणी झाली की डुकरांसारखीच नाल्यात उतरते.

मग पुढची ओळ वाचली. नुकसान ७२ तासांच्या आत विम्याच्या ॲपवर कळवायचं, सोबत जिओटॅग केलेले फोटो. कोणती जनावरं धरायची आणि कोणता भाग धरायचा, ते राज्याने ठरवायचं.

आता जरा माझ्यासोबत मचाणावर बसा. डुक्कर येतं रात्री दोन-तीनला. फोटो काढला तर टॉर्चचा पांढरा गोल येतो आणि बाकी अंधार. सकाळी काढला तर आडवी पडलेली तूर येते, पाडणारा येत नाही. आमच्या पोरांना पाहताक्षणी कळतं की डुक्कर मुळाशी उकरतं आणि रोही, म्हणजे नीलगाय, शेंडे खुडतो. पण ते फोटोत कळेल का, आणि ज्याला कळेल असा माणूस तो फोटो पाहणार आहे का? शिवाय नुकसान सलग नसतं. आज नाल्याकडच्या दोन ओळी, परवा मधला खांडवा, चार दिवसांनी पुन्हा नाल्याकडे. महिनाभर रोज थोडं थोडं जातं आणि शेवटी हाताला निम्मं लागतं. मग ते ७२ तास कोणत्या रात्रीपासून मोजायचे? आणि हे कळवायचं त्या ॲपवर, जे उघडायला मला परत मचाणावरच चढायचं आहे. डुक्कर काही रेंज पाहून येत नाही.

आणखी एक गोम आहे. २०२५च्या खरिपात आपल्या राज्याने विम्यातून चार गोष्टी काढून टाकल्या: पेरणीच न होणं, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचं नुकसान, आणि स्थानिक आपत्ती. उरला फक्त पीककापणी प्रयोग, म्हणजे निवडक वावरांतलं पीक कापून उत्पादन मोजणं. म्हणजे ज्या गोठ्याला राज्याने मे महिन्यात कुलूप लावलं, त्याच गोठ्यात केंद्राने नोव्हेंबरात आमचं डुक्कर बांधलं. किल्ली कोणाकडे आहे ते आधी आपसात ठरवून घ्या, एवढी विनंती.

मी तंत्रज्ञानावर रुसलेला माणूस नाही. उलट गावातला मोबाईलवाला मीच. ऑगस्ट-सप्टेंबर लागला की संध्याकाळी ओट्यावर माणसं फोन घेऊन बसलेली असतात. कोणाचा ओटीपी येत नाही, कोणाचा आधारचा नंबर जुन्या सिमला जोडलेला, ते सिम पोरगा पुण्याला घेऊन गेला. २०२५च्या एप्रिलपासून शेतकरी ओळख क्रमांकाशिवाय राज्याच्या कृषी योजना मिळत नाहीत, तेव्हा तर उन्हाळ्यात माझ्या ओट्यावर लग्नघरासारखी गर्दी होती. बायकोने चहा करणं सोडून दिलं.

यंदाच्या झडीतली एक गोष्ट. शेजारच्या काकाजींचं पीक मोबाईलवर नोंदवायचं होतं. वय सत्तरीच्या पुढे, डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, पायात गुडघ्यापर्यंत चिखल. मी त्यांना त्यांच्याच कपाशीत उभं केलं. ॲप म्हणे, तुम्ही या गटात नाही. दोन पावलं इकडे, चार तिकडे. नाहीच.

"अरे बाप्पा," काकाजी म्हणाले, "वावर माह्यं, धुरा माह्या, धुऱ्यावरची बाभूळ म्या लावली. अन् हे डबडं म्हणते का मी परक्याच्या वावरात उभा आहो?"

शेवटी शेजाऱ्याच्या सोयाबीनमध्ये वीस पावलं आत गेलो तेव्हा ॲपला काकाजींचं वावर सापडलं. तिथे उभं राहून, तोंड आपल्या कपाशीकडे करून फोटो काढला आणि नोंद झाली. मोजणीचे जुने कागदी नकाशे उपग्रहाच्या चित्रावर बसवताना ते थोडे सरकतात, एवढंच त्याचं कारण. चूक कोणाची म्हणत नाही, जुना नकाशा आणि नवं चित्र जुळवणं कठीणच काम आहे. पण सरकलेली रेघ नीट करण्यासाठी त्या ॲपमध्ये एकही बटण नव्हतं. 'तुम्ही चुकीच्या जागी आहात' हे सांगायची सोय होती. 'तुमचा नकाशा चुकीच्या जागी आहे' हे सांगायची नव्हती.

माझं सगळं भांडण त्या एका बटणाचं आहे. गेल्या चार-पाच वर्षांत शेतीसाठी जे जे आलं त्यातलं बहुतेक आमच्याकडून काहीतरी घेतं. फोटो घेतं, आधार घेतं, अंगठा घेतं, वावराचे अक्षांश-रेखांश घेतं. परत खाली येतो तो एक शब्द, मंजूर किंवा नामंजूर. मधलं काही येत नाही.

आता डब्याची गोष्ट सांगतो. माझ्या पोरीला शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी पर्जन्यमापक करायला लावला होता. सरळ भिंतीचा स्टीलचा डबा, झाडापासून दूर, दगडावर ठेवलेला. मापायला कंपासपेटीतली पट्टी. प्रकल्प संपला, मार्क मिळाले, पण पोरीने डबा उचलला नाही. तीन पावसाळे झाले, रोज सकाळी साडेआठला ती माप घेते आणि वहीत लिहिते. यंदा जुलैत एका रात्री असा पाऊस झाला की नाल्याचं पाणी धुऱ्यावरून आत आलं. सोयाबीन आडवं, वरची माती वाहून गेलेली, खाली नुसता खडक. सकाळी डब्यात पट्टी उभी केली तर ९४ मिलिमीटर.

अतिवृष्टी केव्हा म्हणायची याचा नियम आहे. महसूल मंडळात, म्हणजे काही गावं मिळून केलेल्या सरकारी विभागात, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला पाहिजे. आमच्या मंडळाचं यंत्र तेरा किलोमीटरवर. तिथे त्या रात्री पडला ३८. म्हणजे आमच्याकडे अतिवृष्टी झालीच नाही. सरकारी कागदावर माझं सोयाबीन अजून उभं असेल कदाचित.

पोरीने विचारलं, "बाबा, आपला डबा खोटा आहे का?"

तिला काय सांगू? विदर्भातला जुलैचा पाऊस म्हणजे या धुऱ्यावर धो धो आणि त्या धुऱ्यावर ऊन, हे आमच्याकडे बैलालाही ठाऊक असतं. डबा खरा, तेरा किलोमीटरवरचं यंत्रही खरं. खोटं आहे ते एका यंत्राच्या आकड्यात अख्खं मंडळ बसवणं.

आणि याच देशात २०२५च्या मे महिन्यात भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झाली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत 'अर्का' नावाचा महासंगणक बसवलाय, आणि आधी बारा किलोमीटरच्या चौकोनात दिलं जाणारं हवामान आता सहा किलोमीटरच्या चौकोनात सांगतात. ही बातमी वाचून मला खरोखर अभिमान वाटला, उपरोधाने म्हणत नाही. त्याच वर्षी ३० जुलैला श्रीहरिकोटाहून 'निसार' उपग्रह गेला, इस्रो आणि नासाचा मिळून. त्यात रडार आहे, त्यामुळे त्याला ढगाआडूनही दिसतं आणि रात्रीही दिसतं. साध्या कॅमेऱ्याचे उपग्रह आमच्या कामाचे नव्हते, कारण आमचं नुकसान होतं तेव्हा वर ढगच असतात. निसार दर बारा दिवसांनी त्याच जागेवरून फिरून जातो, आणि त्याने टिपलेली माहिती सगळ्यांना फुकट खुली आहे. मचाणावर बसून आकाशात सरकणारा ठिपका दिसला की मी पोरीला दाखवतो, तोच असेल म्हणून. बहुधा नसतो.

म्हणजे पुढे काय होणार ते सांगायला आपल्याकडे सहा किलोमीटरची नजर आहे. झालेलं नुकसान मोजायची वेळ आली की तीच नजर मंडळाच्या गावात जाऊन बसते. ग्रामपंचायतीगणिक पर्जन्यमापक बसवायची केंद्राची योजना आहे, 'विंड्स' तिचं नाव. ती लवकर करा. आणि यंत्र बसवाल तेव्हा त्याचा रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहा. पोरगी तो वहीतल्या आकड्याशी ताडून पाहील. तीन वर्षांच्या नोंदी आहेत तिच्याकडे, फुकटात देईल.

विम्याचा उंबरठा कसा काढतात ते गावात फार थोड्यांना माहीत आहे. मलाही ते एका निवृत्त कृषी सहायकांनी चहाच्या टपरीवर कागदाच्या चिठ्ठीवर समजावलं. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घ्यायची, त्यांच्या उत्पादनाची सरासरी काढायची, आणि तिला जोखीमस्तराने, म्हणजे उत्पादनाच्या जितक्या टक्क्यांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं त्या आकड्याने, गुणायचं. आपल्याकडे तो ७० टक्के. येणारा आकडा म्हणजे उंबरठा उत्पादन. मंडळातल्या पीककापणीची सरासरी त्याच्या खाली गेली तरच पैसे. हिशेब चोख आहे. पण सातातली चार वर्षं बोंडअळी, सोयाबीनवरचा येलो मोझॅक रोग आणि झडीने खाल्ली असतील तर चांगली पाच वर्षं आणायची कुठून? दर वाईट वर्षासोबत उंबरठा खाली येत जातो, आणि पुढच्या वाईट वर्षी आपण त्याच्या वरच राहतो. ज्याचं रोज दुखतं त्याला दुखत नाही असं ठरवणारा हा डॉक्टर आहे.

एक रुपयातला विमा बंद केला त्याबद्दल माझी तक्रार नाही, हे ऐकून गावातले काही जण माझ्याशी बोलणार नाहीत. २०२३ला तो आला तेव्हा नसलेल्या जमिनीवर, देवस्थानाच्या आणि सरकारी जागेवर विमे उतरवले गेले. ते उपग्रहाने पकडलं असतं तर मी पेढे वाटले असते. पण चोर सापडला म्हणून पंगतच उठवली. सोयाबीनला दोन टक्के आणि कपाशीला पाच टक्के हप्ता पुन्हा सुरू झाला, आणि ताटातले चार पदार्थ कमी झाले.

आता एआय. जून २०२५ मध्ये राज्याने शेतीसाठी एआयचं धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांना ५०० कोटी. शेतकऱ्याला मराठीतून उत्तर देणारी ॲपंही निघालीत. मी एका रात्री त्यातल्या एकाशी बराच वेळ बोललो, मचाणावर दुसरं कोण असतं? मुद्दाम आमच्या बोलीत लिहिलं, "पऱ्हाटीवर डोमकळ्या दिसून रायल्या." म्हणजे कपाशीवर न उमलता मिटून राहिलेली फुलं. वाटलं, गडबडेल. नाही गडबडलं. गुलाबी बोंडअळी आहे म्हणालं, डोमकळ्या तोडून नष्ट करा, हेक्टरी पाच कामगंध सापळे (वासाने पतंग ओढणारे) लावा, सलग तीन रात्री सापळ्यात रोज आठ पतंग आले तर फवारणीचा विचार करा. बरोबर सांगितलं. विद्यापीठाचे लोक शिवारफेरीत हेच सांगतात. मी खूश झालो.

मग विचारलं, माझा मागच्या वर्षीचा अर्ज का नामंजूर झाला?

त्याने मला संबंधित कार्यालयाशी संपर्क साधायला सांगितलं.

अळीच्या पोटातलं ज्याला कळतं त्याला माझ्या अर्जातलं कळू नये? ती माहिती तर सरकारकडेच आहे, कॉम्प्युटरमध्येच आहे, अळीपेक्षा सोपी आहे. ५०० कोटींतले थोडे तिकडे लावा. नामंजूर तर नामंजूर, पण कोणत्या आकड्यामुळे, कोणत्या यंत्राच्या नोंदीमुळे, कोणत्या फोटोमुळे ते आम्हाला मराठीत दिसू द्या, आणि तो आकडा चुकीचा आहे असं म्हणायला जागा ठेवा.

वेळेच्या बाबतीतही हीच एकेरी वाट. आम्हाला नुकसान कळवायला ७२ तास, एक तास इकडे नाही की तिकडे नाही. आणि तुम्ही? १८ ऑगस्ट २०२५ला अधिसूचना काढली आणि १९ पासून परदेशी कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क शून्य केलं. एका रात्रीत. पोळा तोंडावर, आम्ही बैलांसाठी झुली आणि बेगड आणायला बाजारात, आणि कपाशी पात्याफुलावर. पेरा तर जूनमध्येच झालेला, आता परत कुठे नेऊ? आधी सांगितलं ३० सप्टेंबरपर्यंत. दहा दिवसांत ते ३१ डिसेंबरपर्यंत नेलं, म्हणजे आमची वेचणी ऐन भरात असते तेव्हापर्यंत. अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं, कापड गिरण्या अडचणीत होत्या, हे मी वाचलंय. तिरुपूरच्या शिलाई मशीनवरही गरिबाचीच लेक बसते. पण हा निर्णय मे महिन्यात सांगितला असता तर दोन एकर कपाशी कमी करून तूर वाढवली असती. २०२५-२६चा हमीभाव लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल, त्यासाठी पुन्हा मोबाईलवर नोंदणी, आणि केंद्रावर गेलो तर ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा. गाडीत सळई खुपसतात, यंत्र आकडा दाखवतं, वाद संपला. दिवाळीनंतर सकाळी दव असतं, दवात वेचलेला कापूस ओला लागणारच. पण बाया दहाला यायच्या तर दिवस मावळेपर्यंत वेचून होईल किती? हे त्या यंत्राला कोण सांगणार! मग खेडा खरेदीवाला दारात येतो, यंत्र नाही, ॲप नाही, हातात पैसे देतो आणि हजार-दीड हजार कमी देतो. त्याची गाडी मात्र माझ्या पांदण रस्त्याने येते, जो पावसाळ्यात माझ्या बैलगाडीला चालत नाही.

ही रीत काही तुम्ही काढलेली नाही म्हणा. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले होते, रेल्वेचा फाटा उघडायला. आमच्या आजोबांच्या आजोबांना वाटलं असेल काय थाट, आपल्या गावाला आगगाडी आली! ती आली होती कापसाला. पुढे यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतलाही कापसालाच आली. १९९४पर्यंत वाफेचं इंजिन ओढत होतं तिला, आणि आता रूळांवर बाभळी उगवल्यात. एवढं मात्र खरं, की तिकीट काढून माणसालाही तिच्यात बसता येत होतं.

ड्रोनचं तेवढं जोरात करा. याबाबतीत मला कोणी जुनाट म्हणू नये. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, पंप पाठीवर, वारा अंगावर, तोंडाला दुपट्टा. औषधाच्या डब्यावर लाल त्रिकोण असतो, सगळ्यात जहाल विषाचा, तो कोणाला दिसला असेल त्या गर्द पऱ्हाटीत? माझा एक वर्गमित्र त्या वर्षी महिनाभर दवाखान्यात होता, अजून त्याला लहान अक्षर नीट दिसत नाही. ड्रोनने फवारलं की माणूस त्या ढगाच्या बाहेर उभा राहतो. दाट कपाशीत खालच्या पानापर्यंत औषध पोचतं का, ही माझी शंका आहे, ती वावरात उतरून सोडवा. पण बचतगटाच्या बायकांच्या हातात ड्रोन आला तर पहिलं वावर माझं धरा, भाडं रोख देतो.

पोरीची वही, काकाजींची बाभूळ, हे सगळं तुमच्या सर्व्हरमध्ये मावत नसेल तर निदान एक रकाना ठेवा: 'शेतकऱ्याचं म्हणणं'. कोणीतरी माणसाने वाचायचं, आणि पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं. आम्हाला ७२ तास, तुम्हाला पंधरा दिवस. याहून मोठं मन कास्तकाराने काय करावं?

थांबतो. नाल्याकडून खसखस ऐकू येते आहे, आणि पलीकडच्या जागलीवरचं पिंप वाजायचं बंद झालंय, म्हणजे तो झोपला. खाली उतरून पाहतो. फोटोही काढून ठेवतो, जसा येईल तसा, आणि वर चढल्यावर पाठवतो. वेळ लिहून घ्या: पहाटेचे तीन वाजून दहा मिनिटं.

आपला,
एक कास्तकार